दत्ता, तुझा शेवटचा व्हिडिओ हलला नाही

दत्ता,

तू रील काढताना मेलास, असं लोक म्हणत होते. तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी भात वाढत होतो आणि माझ्या पाठीमागं दोघं जण बोलत होते, "पोरगं चांगलं व्हतं, पण मोबाइलचा नाद वाईट." हातातली परात तिथंच त्यांच्या डोक्यात घालावी असं वाटलं. घातली नाही. भात वाढत पुढं गेलो. गाव तुझं, तेरावा तुझा, आणि मी शहरातल्या गारखेड्याचा मोबाइल रिपेअरवाला अय्युब. मी तिथं कुणाला काय बोलणार? आणि खरं सांगू का, त्या दिवशी मला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. तुझ्या गाडीच्या हँडलवरचा होल्डर मी बसवला होता.

तुला जाऊन दीड महिना होत आला. मेलेल्या माणसाला शांती लाभो, असं सगळे म्हणतात. आमच्यातही म्हणतात, तुमच्यातही. मी नाही म्हणणार. मी शांत नाही, आणि इतक्यात तूही शांत होऊ नकोस. आधी काय काय झालं ते ऐकून घे.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो दिवस मला नीट आठवतो. कंपनीची पहिली पाळी सुटली होती, अंगावर तेलाचे डाग असलेला निळा शर्ट होता. काउंटरवर फोन ठेवलास आणि म्हणालास, "मियाँ, हे बघा. कॅमेरा चालू केला की चित्र पाण्यावानी हलतंय."

मी फोन कानाशी धरून हलवला. आत किणकिण वाजत होतं. विचारलं, "गाडीच्या हँडलला लावता का?"

"तुमाला कसं कळलं?"

कळणार नाही तर काय. आठवड्याला असे चार-पाच फोन येतात माझ्याकडं. घरपोच जेवण पोचवणारी पोरं आणतात, लांब फिरायला जाणारे हौशी आणतात. मी कॅमेरा खराब झाल्याचं सांगतो, ते किती दिवस लागतील विचारतात, विषय संपतो. तू मात्र स्टूल ओढून बसलास आणि म्हणालास, "पण का? ते सांगा आधी."

मग मी तुला भिंगाखाली उघडून दाखवलं. आतलं छोटं भिंग केसाएवढ्या बारीक स्प्रिंगांवर लटकलेलं असतं. हात हलला की चुंबकाच्या जोरावर ते उलट बाजूला सरकतं, म्हणून फोटो स्थिर येतो. माणसाच्या हाताचं थरथरणं त्याला कळतं. इंजिनाची धडधड कळत नाही. ती एका सेकंदात शंभर-शंभर वेळा येते आणि थांबतच नाही. ते बिचारं तोल सावरत राहतं, सावरत राहतं आणि एक दिवस त्याची तार तुटते.

तू बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "आमच्या कंपनीत प्रेसच्या खाली रबर असतं. नायतर बाजूची सगळी मशिनं खिळखिळी व्हतील. हितं पण रबरच पाहिजे."

फोन कशाला लावतोस ते तू दुसऱ्या भेटीत सांगितलंस. पिशोरच्या अलीकडच्या फाट्यापासून तुझ्या गावापर्यंतचा सात किलोमीटरचा रस्ता. एका गुत्तेदारानं तो ठेक्यानं केला आणि वर्षाच्या आत तो उखडला. तू खड्ड्यांचे फोटो काढून बांधकामाच्या हापिसात नेलेस. तिथला इंजिनीअर म्हणाला, "खड्डा काय, कुठलाही असू शकतो. फाट्यापासून गावापर्यंत सलग दाखवा, मध्ये तोडू नका. मग बघू." तू हँडलला फोन लावून सलग व्हिडिओ काढलास. तो बघून इंजिनीअर हसला. "हलतंय हो सगळं. ह्याच्यात खड्डा कुठला अन् सावली कुठली?"

तू हे सांगताना हसत होतास. "मियाँ, रस्ता खराब म्हणून व्हिडिओ हलतो, अन् व्हिडिओ हलतो म्हणून रस्ता खराब नाय. आता बोला!"

मला हसू आलं नाही. त्या इंजिनीअरचा मला तेव्हाच राग आला होता. तुला कधीच कुणाचा राग यायचा नाही. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

किती रविवार घालवले आपण त्या होल्डरपायी. आधी स्पंजाचा तुकडा लावला, तर फोन पाळण्यासारखा डुलायला लागला. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळली, तर इंजिनाची धडधड सरळ वर. तू कंपनीतून रबराचे वेगवेगळे गोल तुकडे आणायचास, माझ्या काउंटरवर एकावर एक रचून अंगठ्यानं दाबून बघायचास. "नुसतं मऊ असून भागत नाय मियाँ. ज्याच्या त्याच्या वजनाच्या मापाचं लागतं." चार कोपऱ्यांना रबराचे चार गोल बुश, मध्ये दोन पत्रे, आणि हँडलच्या दोन्ही टोकांना लोखंडी वजनं, म्हणजे हँडलच कमी थरथरेल. पत्रे तू कापलेस, भोकं मी पाडली.

मी म्हणत होतो, हँडलला लावूच नकोस. छातीला पट्टा बांध. माणसाच्या अंगाइतकं चांगलं रबर दुसरं नाही, सगळा हादरा कंबर खाऊन टाकते. तू ऐकलं नाहीस. "छातीवरून नुसता रस्ता दिसतो. हँडलवरून मीटरचा काटा पण दिसतो. उद्या कुणी म्हणलं ह्यानं ऐंशीनं पळवली म्हणून हलतंय, तर?" ह्यावरून आपण तीन रविवार भांडलो. मी तुला हट्टी म्हणालो, तू मला म्हातारी म्हणालास.

एक गोष्ट मात्र तू माझी ऐकलीस. महागाचा फोन घरी ठेवलास आणि माझ्या खोक्यातला जुना, साधा फोन घेतलास. त्याचं भिंग जागेवर पक्कं बसवलेलं असतं, आत लटकणारं, तुटणारं काही नाही. आणि मी सांगितलं, सकाळी दहानंतर लख्ख उन्हात काढ. उजेड भरपूर असला की कॅमेरा पापणी झटकन मिटतो, मग हादऱ्याचा पुसटपणा येत नाही. पुढच्या रविवारी तू दुकानात आलास, फोन माझ्या हातात दिलास आणि बाहेर पडलास. मी व्हिडिओ लावला. खड्ड्याच्या काठावरची खडी मोजता येत होती. खाली कोपऱ्यात मीटरचा काटा पंचविसावर. मी मान वर केली तर तू समोरच्या हॉटेलातून दोन चहा घेऊन येत होतास आणि रस्त्यातूनच ओरडत होतास, "काय म्हातारे, हललं का?"

तुझे उपकारही लिहितो, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू पाळी सुटल्यावर रोज दोन तास माझ्या दुकानात येऊन बसायचास. तुला फोनचा स्क्रूसुद्धा नीट काढता येत नव्हता. तू शटरवर पुठ्ठा लावला होतास, "मालक आजारी आहे. हात शाबूत आहे. थांबा." लोक थांबले, दत्ता. तीन आठवड्यांनी मी आलो तेव्हा पिशवीभर फोन माझी वाट बघत होते, प्रत्येकाला तुझ्या गिचमिड अक्षरातली चिठ्ठी. अम्मी अजून म्हणते, ती चिठ्ठ्यांची पिशवी जपून ठेव.

तो व्हिडिओ बघून हापिस हललं. गुत्तेदाराला काम पुन्हा करायला सांगितलं. त्यानं तुला बोलावून चहा पाजला आणि तू प्यालास! मला फोन करून कौतुकानं सांगितलंस, "सायेब म्हणले, दत्ताभाऊ, तुमी डोळे उघडले आमचे." मी भडकलो. म्हणालो, असल्या माणसाचं नाव पेपरात यायला पाहिजे, त्याला काळ्या यादीत टाकायला पाहिजे, आणि तू त्याच्या चहाचं कौतुक सांगतोस? तू नेहमीसारखा शांत. "आपल्याला रस्ता पाहिजे मियाँ. माणूस कशाला पाहिजे? माणूस घेऊन काय करता?"

काम सुरू झालं. त्यानं आधी रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या खोदायला घेतल्या. तू शेवटचा फोन केलास तो त्या शनिवारी संध्याकाळी. "बघा, मोरी नंबर दोनला पाइप येऊन पडले. मी म्हणलो नव्हतो?" मी म्हणालो, झालं ना मग, आता पुरे कर ते व्हिडिओ. तू म्हणालास, "काम पुरं व्हईपर्यंत दर रविवारी काढणार. फक्त तेवढंच." आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "तुला त्या गुत्तेदाराचा लईच पुळका आलाय. कर काय करायचं ते." आणि फोन ठेवला. तुझ्या माझ्यातलं शेवटचं वाक्य हे आहे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तू मोरीपाशी पडलास, तिसऱ्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात जीव सोडलास, आणि मधल्या तीन दिवसांत तू एकदाही डोळे उघडले नाहीस. मी काचेबाहेर उभा राहून तुला काहीतरी म्हणालो. ते तुला ऐकू गेलं नाही, म्हणून ते मी इथंही लिहीत नाही.

आता त्याच्यापुढचं. हे तुला माहीत नाही.

ठाण्यात नोंद झाली की चालक गाडी चालवताना मोबाइलवर चित्रीकरण करत असल्यानं तोल जाऊन अपघात. मोरीपाशी लाल-पांढरी पट्टी होती, ड्रम होते, म्हणे. तरी तुला दिसलं नाही, कारण तुझं लक्ष फोनमध्ये. मी ते ऐकलं. होल्डर माझा, फोन माझ्या खोक्यातला, उन्हात काढ म्हणणारा मी. त्या आठवड्यात दुकानात कुणी हँडलला लावायचा होल्डर मागितला की मी नाही म्हणायचो.

तुझ्या दहाव्याला मी सकाळी मोटारसायकलनं निघालो. गाव सगळं नदीवर गेलं होतं. मोरी नंबर दोनपाशी आलो तर तिथं रोलर चालू. तू पडलास तो खड्डा बुजवून वर गरम डांबर टाकत होते. बाकी रस्ता होता तसाच. फक्त तेवढा चौकोन काळाभोर. मी गाडी थांबवली. टोपलं घेतलेल्या एका बाईला विचारलं, "मावशी, आजच कसं काय काम?"

ती म्हणाली, "मुकादम म्हणला आज गाव रिकामं हाय, उरकून घ्या."

मला तेव्हाही पुरतं कळलं नाही. वाटलं, बरं झालं, निदान दुसरा कुणी पडणार नाही. इतका मूर्ख होतो मी.

तेराव्याला गुत्तेदार आला. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं. तुझ्या फोटोला हार घातला, अण्णांच्या शेजारी बसला, आणि दोन शब्द बोलायला उभा राहिला. "दत्ताभाऊ माझ्या धाकट्या भावासारखा होता. माझी तरुणांना हात जोडून विनंती आहे, मोबाइलच्या नादापायी असा जीव गमावू नका." बायका रडल्या. अण्णांनी मान हलवली. तुझे वडील, दत्ता. तुझ्या मरणावर त्या माणसानं माना हलवून घेतल्या. त्याच्यानंतर मी भात वाढायला घेतला, ते वर लिहिलंच आहे.

चार दिवसांनी वैशालीवहिनी दुकानात आल्या. पिशवीतून तुझा तो जुना फोन काढला. पोरांनी गाडी घरी आणली तेव्हा तो होल्डरमध्येच होता, अण्णांनी काढून कपाटात टाकला होता. काच फुटलेली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्याच्यात आमच्या पोरीचे, आर्याचे फोटो असतील तर काढून द्या."

मी काच बदलली, फोन चार्जिंगला लावला. वहिनींनी कुलूप उघडलं. आर्याचे फोटो होते. शेवटी एक व्हिडिओ होता, एक तास चार मिनिटांचा.

मी त्यांना म्हणालो, हा मी नंतर बघतो. त्या म्हणाल्या, "लावा." मी म्हणालो, वहिनी, नको. त्या म्हणाल्या, "तिथं मी नव्हते. आता तरी बसू द्या."

मी शटर अर्धं ओढलं आणि लावला.

दत्ता, तो हलत नव्हता. फाट्यावरची पाटी वाचता येत होती. तू हेल्मेटच्या आतून बोलत होतास, आवाज दबका, पण प्रत्येक शब्द कळत होता. "फाटा. रविवार. साडेधा वाजलेत. मोरी नंबर एक, पाइप टाकला, माती टाकली नाय." खाली मीटरचा काटा स्पष्ट. एकदाही तो तिसाच्या वर गेला नाही. तू छातीचा पट्टा नको म्हणालास, ते तुझं बरोबर होतं. मी तीन रविवार उगाच भांडलो. हे मी मान्य करतोय, ऐकून ठेव.

मोरी नंबर दोनच्या आधी वळण आहे. वळणाच्या अलीकडं पट्टी नाही. ड्रम नाही. पाटी नाही. वळलं की सरळ अर्धा रस्ता खोदलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर सुटी खडी. समोरून जीप, एरवी शाळेच्या पोरांना नेणारी, रविवार म्हणून लग्नाला निघालेल्या माणसांनी भरलेली. तू हॉर्न दिलास, ब्रेक दाबलास, काटा वीसच्या खाली आला. मग खडीवरून चाक सरकलं. तू फक्त "अरे" म्हणालास.

मग आभाळ. गाडी आडवी पडली होती, फोन होल्डरमध्ये तसाच, चालू. निम्म्या चित्रात आभाळ, निम्म्यात पाइपाचं तोंड. जीपमधली माणसं उतरून धावली, "उचला, उचला" म्हणाली, तुला जीपमध्ये घातलं, जीप गेली. तेवढं ऐकून वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी बंद करायला हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

कारण मुकादमाचा आवाज यायला लागला होता. तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "हौ साहेब. हौ. नेलं त्याला. नाय, शुद्ध नाय." मग थोडा वेळ काही नाही. मग, "बरं साहेब. लावतो लगेच." आणि मग माणसांवर ओरडला, "ए, गोडाऊनवरून ते ड्रम आन ती पट्टी आणा पळत. पोलीस यायच्या आत लागलं पाहिजे सगळं. साहेबाचा हुकूम हाय." पंधरा मिनिटांनी चित्राच्या कोपऱ्यात एक हात आला आणि आभाळाच्या आडवी एक लाल-पांढरी पट्टी ताणली गेली.

फोनची जागा भरली आणि व्हिडिओ संपला.

वहिनींनी फोन पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "म्हंजे हे रील काढत नव्हते." मी म्हणालो, नाही वहिनी. त्या म्हणाल्या, "हे आधी गावाला दाखवा. पोलिसाचं मग बघू."

मी दोन्ही केलं. तीन प्रती काढल्या, एक ठाण्यात देऊन पोच घेतली. आणि मग मी जे केलं ते न्यायासाठी केलं असं मी कुणाला सांगत नाही. मला तो माणूस घामाघूम झालेला बघायचा होता.

ग्रामसभा गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत होती. गुत्तेदारालाही रस्त्याच्या कामासाठी बोलावलं होतं, तो पुढच्या खुर्चीवर बसला होता. मी मास्तरांच्या परवानगीनं वर्गातल्या मोठ्या टीव्हीला फोन जोडला. तो म्हणाला, "हा कोण? हा ह्या गावचा नाय."

अण्णा उठले. तोवर त्यांनीही बघितलं नव्हतं, मी फक्त येऊन बसा म्हणालो होतो. ते म्हणाले, "त्याला मी बोलावलंय."

मी व्हिडिओ सुरुवातीपासून लावला. एक मिनिटही पुढं ढकलला नाही. फाटा, मोरी नंबर एक, तुझा आवाज, एकेक खड्डा. लोक आधी कुजबुजत होते. तुझा आवाज ओळखल्यावर गप्प झाले. तू पडलास तेव्हा मागं बायकांमध्ये हंबरडा फुटला. गुत्तेदार उठला, म्हणाला, मला तालुक्याला, कन्नडला मीटिंग आहे. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मोठ्यानं बोलले नाहीत. "बसा सायेब. माझं पोरगं अजून रस्त्यावर पडलंय. एवढं संपू द्या."

तो बसला. आभाळाची ती लांबच लांब मिनिटं त्याला बसून बघावी लागली. मी टीव्हीकडं बघत नव्हतो, मी त्याच्याकडं बघत होतो. मुकादमाचा आवाज आला, "साहेबाचा हुकूम हाय", तेव्हा त्याच्या कानशिलावरून घाम गळ्यातल्या सोन्याच्या साखळीपर्यंत उतरला. मी तो थेंब न थेंब बघितला, दत्ता. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच भीती वाटली.

पंगतीत तुला नावं ठेवणारे ते दोघं सभा सुटल्यावर माझ्याजवळ आले, म्हणाले, "आमचं चुकलं, मियाँ." मी त्यांना उत्तर दिलं नाही. तू दिलं असतंस.

मग चक्रं फिरली. नोंद बदलली, मुकादमाला धरलं, गुत्तेदाराचं नाव त्यात आलं. चौकशी लागली आणि चौकशी संपेपर्यंत रस्त्याचं काम बंद.

मागच्या सोमवारी तो माझ्या दुकानात आला. एकटा. ह्या वेळी कपडे चुरगळलेले होते. स्टुलावर बसला, तुझ्याच स्टुलावर. "अय्युबभाई, मी महिनाभरात अख्खा रस्ता करून देतो. नंबर एक. तुम्ही माणूस उभा करा देखरेखीला. फक्त जबाब देताना एवढंच म्हणा, की शेवटचा आवाज नीट कळत नाही. फोन जुना आहे, पडलेला आहे, हललेला आहे."

मी म्हणालो, "तोच तर हलत नाही, साहेब. त्याच्यासाठीच आम्ही वर्षभर खपलो."

तो रडायला लागला. खरंच रडत होता. त्याला एक मुलगी आहे, तिचं लग्न ठरलंय, सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि समोरचा फोन खोलत राहिलो. तो गेला तेव्हा त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्या घरात ह्याला पाप म्हणतात.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. एसटीनं, दोन गाड्या बदलून. तो त्यांच्याकडंही जाऊन आला होता. अण्णांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "अय्युब, दत्त्याला रस्ताच पाहिजे व्हता. दुसरं काय मागितलं नाय त्यानं जन्मात. त्यो रस्ता देतोय तर घेऊ की रं. पोरगं तर येत नाय." ते पुढं म्हणाले, "पुढच्या मोऱ्या खोदून तशाच पडल्यात, जीपवाला आता गावापत्तूर येत नाय. मोठ्या शाळेची पोरं दोन किलोमीटर पायी चालत्यात. आपली आर्या बी."

मी वहिनींना फोन लावला. विचारलं, तुम्ही सांगाल तसं करतो. पलीकडं त्यांनी हातातली भांडी खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "मला रस्ता बी पाहिजे आन त्यो माणूस बी आत पाहिजे. दोन्ही मिळत नसलं तर मला इचारू नका. तुमचं तुमी ठरवा."

म्हणजे ठरवायचं माझ्यावर आलं. तो आवाज कुठल्या फोनमधून, कसा काढला, त्यात काही जोडलेलं-कापलेलं नाही, हे शपथेवर सांगणारा मीच. मी डळमळलो तर सगळं डळमळतं.

मला माहीत आहे तू काय म्हणाला असतास. मला ते वाक्य तुझ्या आवाजात ऐकू येतं, म्हणून तर झोप येत नाही. तू त्याला चहा पाजला असतास, मुलीच्या लग्नाला आहेर केला असतास, आणि दर रविवारी जाऊन डांबराची जाडी मोजली असतीस. गाव सुखानं नांदलं असतं. आर्या जीपमध्ये बसून शाळेत गेली असती. तू माझ्यापेक्षा मोठा माणूस होतास, हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही, आज करतो. पण तुझ्या मोठेपणाचा त्या माणसानं काय उपयोग केला, तेही मी बघितलं. तू जीपमध्ये बेशुद्ध पडला होतास आणि त्यानं आधी ड्रम मागवले.

उद्या अकरा वाजता माझा जबाब आहे. अण्णांना मी सांगून टाकलं, मी जाणार. ते उठले आणि स्टँडकडं चालत गेले. मी गाडीवर सोडतो म्हणालो, तर हात हलवून नको म्हणाले.

तू असतास तर मला अडवलं असतंस, दत्ता. शटरमध्ये आडवा उभा राहिला असतास. पण तू नाहीस. आणि कुणामुळं नाहीस, तेवढंच मी उद्या सांगणार आहे.

तुझा,
अय्युब